सारखा धबधबा दाखवणारा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हटल्यावर लगेच शटरवाला लाकडी खोका डोळ्यांपुढे आणू नका हं! मी चांगला सपाट, रुंद, भिंतीवर टांगायचा टीव्ही आहे. वयानं म्हणाल तर तुमच्या शाळेतल्या पहिली-दुसरीतल्या मुलांएवढा. पण आमच्या जातीत एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात, आणि माझं तरुणपण तर सगळं दुकानात उभं राहण्यातच गेलं. सध्या मी बंगळुरूला, जे. पी. नगरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये असतो. या घरी येणारे-जाणारे सगळे मला ‘बिघडलेला’ म्हणतात. मी बिघडलेला नाही. तरी मी हे नाव निमूटपणे लावून घेतलं आहे. का, ते ऐका.

चेन्नईजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही पुष्कळ भावंडं. एकापाठोपाठ एक पट्ट्यावरून सरकत आलो, तपासले गेलो, थर्मोकोलमध्ये बसलो आणि खोक्यात बंद झालो. ट्रकमधून आम्हाला बंगळुरूला आणलं. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये एक मोठं दुकान होतं, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, सगळं मिळणारं. तिथे आमच्यातल्या एकालाच खोक्यातून बाहेर काढायचं होतं, लोकांना दाखवायला म्हणून. तो मान माझ्या वाट्याला आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाकीचे बिचारे गोदामात अंधारात राहिले आणि मी काचेसमोर, ऐटीत!

मला पहिल्यांदा सुरू केलं की मी एक प्रश्न विचारतो. ‘मला कुठे वापरणार? घरी की दुकानात?’ अर्थात इंग्रजीत विचारतो. त्या दिवशी कोणाच्या तरी बोटानं ‘दुकान’ दाबलं, आणि तिथेच माझं नशीब ठरलं. दुकान म्हटलं की माझे रंग होतात एकदम भडक, उजेड होतो डोळे दिपवणारा आणि पडद्यावर सुरू होतो धबधबा. धबधब्यानंतर पोपट. पोपटानंतर कापलेलं कलिंगड. मग परत धबधबा. कोणी मध्येच वाहिनी बदलली तरी थोड्या वेळानं मी आपोआप धबधब्यावर येतो. आमची रचनाच तशी असते.

दिवसभर माझ्यासमोर गर्दी असायची, तरी मी एकटा होतो. लोक माझ्याकडे बघायचे, पण माझ्यावरचं काही बघायचे नाहीत. कोणी माझी जाडी बघे, कोणी किमतीची पाटी. पुण्या-मुंबईकडून आलेली आयटीतली जोडपी तर कमालच करायची. माझ्यासमोर उभं राहून मोबाईलवर माझीच किंमत शोधायची! आवाज मोठा कर, बारीक कर, मागून बघ, वाकून बघ, हे सगळं करून शेवटी माझ्या पाटीचा फोटो काढायची आणि ‘थँक यू’ म्हणून चालती व्हायची. दोन दिवसांत माझाच एखादा भाऊ कुठल्याशा गोदामातून त्यांच्या घरी पोचलेला असणार. मी नुसता तापायचो. गोदामातले भाऊही एकेक करून गेले. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या ऑफरला गेले, दिवाळीच्या ऑफरला गेले. मी मात्र तिथेच. दाखवायच्या वस्तूला कोण घरी नेणार?

अशा वेळी पद्माकरकाका आले.

उंच, किंचित वाकलेले, पायात पॉलिश केलेले बूट, हातात कापडी पिशवी. ते मूळचे सांगलीकडचे, पण ऐन तारुण्यात इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि इथलेच होऊन गेले. जन्मभर टेलिफोनची यंत्रं तयार केली त्यांनी. कन्नड असं बोलायचे की दुकानातल्या कोणाला ते बाहेरचे आहेत असं वाटलं नाही. ते सरळ माझ्यासमोर आले, धबधब्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि तिथल्या विक्रेत्या मुलीला कन्नडमध्ये म्हणाले, “हे नाटक बंद कर अम्मा. याला घरच्या सेटिंगवर आण आणि बातम्या लाव. बातम्या देणाऱ्या माणसाचा चेहरा माणसासारखा दिसतो का, ते बघू दे स्वल्प.”

मित्रांनो, तुम्हाला म्हणून सांगतो, टीव्ही घ्यायला जाल तेव्हा हेच करा. दुकानातल्या लखलखाटाला भुलू नका. तिथे आम्ही सगळेच नटूनथटून उभे असतो.

त्या मुलीनं माझी सेटिंग बदलली. मी आयुष्यात पहिल्यांदा बातम्या दाखवल्या, आणि काका समोरच्या सोफ्यावर बसून त्या शेवटपर्यंत बघत राहिले. कोणीतरी मला शेवटपर्यंत बघितलं! त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, गेलो तर याच माणसाच्या घरी जाईन.

इतक्यात त्या मुलीचा फोन वाजला. ती हळूच म्हणाली, “आई, गिऱ्हाईक आहे गं, मागनं बोलते.” काकांनी चमकून वर पाहिलं.

“अगं, तू आपली का? मघापासून कन्नड कशाला बोलतोय मी!”

“होय की काका. निपाणीची मी. भार्गवी. बसा की, पाणी आणते.”

झालं! काका जे बसले ते दुकानात दिवे लागेपर्यंत उठलेच नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर.

मग ते रोजच येऊ लागले. रोज नवी शंका. पॅनेल कुठलं? बाजूला बसलं तर चित्र फिकट दिसतं का? स्पीकर पुढे आहेत की खाली? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की कारखान्यातून निघाल्यापासून? वीज वर-खाली झाली तर स्टॅबिलायझर लागेल का? भार्गवी सगळं सांगायची. काका मान डोलवायचे आणि म्हणायचे, “सरी, सरी, बरंय. पण थांबू या. आयुधपूजेला ऑफर येईल.” ऑफर आली की म्हणायचे, “दिवाळीला याहून चांगली येईल.” दिवाळी झाली की नवीन वर्ष, नवीन वर्ष झालं की उगादी, म्हणजे आपला पाडवा. एक पुरं वर्ष त्यांनी असं काढलं. त्यांच्या घरचा टीव्ही कधीचा बंद पडला होता, म्हणजे अडचण खरीच होती. पण अडचण असलेलं माणूस इतकं थांबतं का?

त्यांना एक मुलगी. अमृता. ती बंगळुरूतच राहते, व्हाइटफील्डला. गाव एकच, पण मध्ये अख्खी ट्रॅफिक. नोकरी, छोकरी, सगळं सांभाळून तिला इकडे येणं व्हायचं नाही. ती बापाला मोबाईलवर टीव्हीच्या ऑफर पाठवायची. “बाबा, हा बघा, सेल लागलाय, आज रात्रीपर्यंतच आहे!” काका ती ऑफर भार्गवीला दाखवायचे. दोघं मिळून त्यात खोट काढायची आणि काका तिथूनच फोन लावायचे.

“अमू, अगं याचे स्पीकर खालच्या अंगाला आहेत. भिंतीवर लावला की आवाज फरशीला ऐकू जाणार, मला नाही!”

पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. “बरं बाबा, दुसरा बघते.”

हे ‘दुसरा बघते’ ऐकलं की काकांचा चेहरा असा खुलायचा! मी समोरच असायचो, मला स्पष्ट दिसायचं. हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांना टीव्ही नको होता. टीव्ही शोधणं हवं होतं. शोध चालू होता तोवर लेक फोन करत होती, भार्गवी पाणी आणून देत होती, मराठीत चार शब्द होत होते. एकदा त्यांनी भार्गवीला सांगितलंही. “तुझी काकू होती ना, हेमलता, तेव्हा खरेदी एका फेरीत व्हायची. मी मागे उभा राहून वायरी बघायचो, ती पुढे होऊन भाव करायची. ती गेली आणि घर फार शांत झालं गं. इतकं शांत बरं नव्हे.”

भार्गवी फडकं घेऊन माझी आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत राहिली.

पण दुकान म्हणजे काही देवळाचा कट्टा नव्हे. मॅनेजरच्या डोळ्यांत काका खुपायला लागले. एक दिवस मॅनेजरनी भार्गवीला खांबाआड बोलावलं. काकांना कमी ऐकू येतं, अशी त्यांची खात्री होती.

“ते आजोबा घेणारे नव्हेत,” मॅनेजर कन्नडमध्ये म्हणाले. “रोज सोफा अडवतात आणि तू त्यांच्यापाशी बसतेस. तुझी विक्री बघ किती खाली गेलीय. सणाच्या महिन्यात असंच राहिलं तर पुढे तुला ठेवता येणार नाही. वरून विचारतात मला.”

काकांना टीव्हीचा आवाज कमी ऐकू यायचा, पण हे बोलणं बरोबर ऐकू गेलं. त्यांचा चेहरा पडला. ते पिशवी घेऊन उठले आणि त्या दिवशी काही न विचारता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. इथे त्या दिवशी रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते. दुकानाच्या दारात कोहळा फोडलेला, आम्हा सगळ्यांना झेंडूच्या माळा, कपाळाला कुंकू. काका आले ते थेट माझ्यासमोर.

“भार्गवी, हा दे मला.”

“कुठला काका?”

“हाच. धबधबेवाला.”

ती गडबडली. “हा डिस्प्लेचा आहे की! किती तास चालून चालून दमलाय. त्याच किमतीच्या आसपास खोक्यातला नवा करकरीत देते तुम्हाला.”

“नको. हा माझ्या ओळखीचा आहे,” काका म्हणाले. “पण वॉरंटी आजच्या तारखेपासून, बिलावर लिहून हवी. भिंतीवर टांगायची पट्टी फुकट हवी. आणि डिस्प्लेचा आहे म्हणून किंमत आणखी खाली यायला हवी. तुझ्या काकूनं सोडलं नसतं तुला!”

भार्गवीला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं धावपळ करून सगळं मंजूर करून आणलं. मॅनेजरनी काकांना स्वतः मिठाई दिली. आणि मी? मी कपाळावरच्या कुंकवासकट हवेत तरंगत होतो. मला घर मिळणार होतं! काकांनी हे कशासाठी केलं, आणि त्यात त्यांनी काय घालवलं, याचा विचार त्या आनंदात माझ्या मनातसुद्धा आला नाही.

तो विचार आला घरी पोचल्यावर. मला बसवायला आलेला माणूस घाईत होता. त्यानं मला पुसून नव्यानं सुरू केलं, मी माझा तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारला, त्यानं न वाचताच पहिलं दिसेल ते बटण दाबलं आणि सही घेऊन पळाला. काकांनी अमृताला फोन लावला.

“अमू, घेतला बरं का टीव्ही.”

“काय सांगता! अहो बाबा, सुटलो एकदाचे!” ती हसत म्हणाली. “आता मस्त बघत बसा.”

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण त्यानंतर ऑफर यायच्या थांबल्या. आता कशाला पाठवील? फोनही कमी झाले. काकांकडे सांगायला काही उरलं नाही आणि तिच्याकडे विचारायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तशी काकांनी सवयीनं बूट घातले, पिशवी घेतली, दाराशी गेले आणि तिथेच थबकले. टीव्ही घेऊन झाला होता. दुकानात जाऊन आता विचारायचं काय? बराच वेळ ते बूट घालून दारातल्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी बूट काढले. मला इतकं वाईट वाटलं! मला घर मिळालं, पण माझ्यापायी त्यांची हक्काची जागा गेली.

मी आपला त्यांना बातम्या दाखवत होतो. दाखवता दाखवता बातम्या गेल्या आणि धबधबा सुरू झाला. मला बसवणाऱ्यानं ‘दुकान’ दाबलं होतं ना! मी तरी काय करणार?

काकांनी भार्गवीला फोन लावला. “अगं, हा तुझा टीव्ही घरी येऊनही धबधबाच दाखवतोय!” ती खळखळून हसली. तिनं काय दाबायचं ते सांगितलं, मग तुमचं जेवण झालं का विचारलं, मग आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा काकांचा चेहरा दुकानातल्यासारखा खुलला होता. त्यांनी तिनं सांगितल्याप्रमाणे ‘घर’ दाबलं. मी ठणठणीत झालो.

दोन दिवस गेले. कोणाचा फोन नाही. दार वाजलं ते फक्त दुधाच्या पिशवीसाठी. तिसऱ्या संध्याकाळी काका माझ्यासमोर बसले, रिमोट हातात घेतला आणि सेटिंगमध्ये शिरले. मला वाटलं उजेड कमी करणार असतील. त्यांनी सरळ ‘दुकान’ दाबलं. मी हबकलोच! जन्मभर टेलिफोनची यंत्रं केलेला इंजिनिअर, त्याला काय कळत नव्हतं? मग त्यांनी फोन उचलला.

“भार्गवी, परत लागला गं धबधबा.”

सुट्टीच्या दिवशी भार्गवी घरी आली. येताना चौथ्या ब्लॉकमधून खारी घेऊन आली. तिनं मला नीट केलं, काकांनी केलेला चहा प्यायली, तासभर बसली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, “शहाण्यासारखं वाग रे बाबा आता.” मी शहाण्यासारखाच वागत होतो. पण ती जाऊन दोन-चार दिवस झाले की काकांचा हात रिमोटकडे जायचा.

हिवाळा संपता संपता भार्गवीची बदली झाली. विक्री चांगली झाल्यामुळे तिला बंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या मोठ्या शाखेत नेलं. काकांना फार आनंद झाला, त्यांनी तिला फोनवर तोंड भरून आशीर्वाद दिला. पण शिवाजीनगरची गर्दी तुम्हाला ठाऊक नाही. तिथे मान वर करायला सवड नाही. “काका, गिऱ्हाईक आहे, मागनं करते हं,” असं ती म्हणायची आणि मागनं करणं राहून जायचं. तिचा तरी काय दोष?

मग तक्रारीसाठी अमृताच उरली. “अमू, परत धबधबा.” ती ऑफिसमधून सांगायची, “बाबा, सेटिंग, मग जनरल, मग...” काका म्हणायचे, “छे, मला नाही बुवा सापडत.” मी डोळ्यांदेखत त्यांना सगळं बरोबर सापडताना बघितलेलं! एकदा ती आली, नीट करून गेली. पुढच्या महिन्यात परत आली. आणि तिसऱ्या वेळी वैतागली.

“बाबा, डिस्प्लेचा माल घेतलात ना, त्याचा हा परिणाम. मी सोक्षमोक्षच लावते. एक्स्चेंजची झकास ऑफर आलीय. जुना द्यायचा, नवा घ्यायचा. रविवारी दुपारी माणसं येतील नवा घेऊन.”

 एक्स्चेंजमध्ये गेलेल्या टीव्हीचं काय होतं, ते मी दुकानात पाहिलेलं आहे. मागच्या खोलीत एकावर एक रचतात आणि सुटे करायला पाठवून देतात. काही बिघडलेलं नसताना मी असा संपणार! ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बाई, मला काही झालेलं नाही. पण मला जे दाखवायला लावतील तेच मी दाखवतो. माझं स्वतःचं म्हणून मला काही बोलता येत नाही.

रविवार उजाडला. अमृता सकाळीच आली. काकांनी हौसेनं वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली होती. जेवताना ती अर्धा वेळ मोबाईलवर ऑफिसचं काहीतरी करत होती. जेवण झाल्यावर तिनं घाईघाईनं मला ‘घर’वर आणलं.

“हा तोवर चालेल. माणसं चारला येतील. मी निघते बाबा, नाहीतर सिल्क बोर्डच्या चौकात अडकले तर अंधार होईल. तुम्ही फक्त तुमच्या मोबाईलवर आलेला आकडा त्यांना सांगा. आणि नवा टीव्ही आला की कटकट मिटली. तीन वर्षं वॉरंटी, बघायला नको. काही झालंच तर कंपनीची माणसं थेट घरी येणार, मला सांगायचीसुद्धा गरज नाही!”

“सरी,” काका म्हणाले. “जपून जा.”

तिनं चपला घातल्या, दार नुसतंच ओढून घेतलं. काका माझ्यासमोर येऊन बसले. रिमोट उचलला. सेटिंग. जनरल. ‘घर’ आणि ‘दुकान’ हे दोन शब्द पडद्यावर आले. काका माझ्याशी बोलायला लागले. एकटी माणसं बोलतात वस्तूंशी, त्यात हसण्यासारखं काही नाही.

“तुला काही झालेलं नाही रे. मला माहीत आहे. मीच तुला बदनाम केलं. पण तू चांगला चाललास की या घरात कोणाला यायला कारण राहत नाही. तू बिघडलास की ती येते. आता तो नवा येईल, तो काही बिघडायचा नाही. मग ती कशाला येईल, सांग?”

त्यांची पाठ दाराकडे होती. माझं तोंड दाराकडे होतं. त्यांच्या खांद्यावरून मला दिसत होतं, दार अर्धवट उघडं होतं आणि अमृता तिथे उभी होती. चार्जर विसरला म्हणून ती परत आली होती. एक पाय आत, एक पाय बाहेर, हात कडीवर तसाच. पडद्यावरचे ते दोन शब्द तिला वाचता येत होते.

काकांनी ‘दुकान’ दाबलं. भडक रंगात, धो धो, धबधबा सुरू झाला. ते लगबगीनं उठले आणि ती खाली जिन्यात असेल म्हणून जोरात हाक मारली, “अमू! अगं अमू! परत लागला बघ!”

“आले बाबा,” ती मागूनच म्हणाली.

काका दचकले. तिनं काहीतरी ऐकलं असेल का, हे त्यांना तिच्या तोंडाकडे बघून कळेना. तिनं ओढणीनं डोळे पुसले, “बाहेर धूळ किती आहे,” असं काहीतरी पुटपुटली, चपला काढल्या आणि येऊन सोफ्यावर बसली. काकांच्या हातातला रिमोट घेतला. आणि मित्रांनो, दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या त्या मुलीनं एकामागून एक सगळी चुकीची बटणं दाबली! आवाज वाढवला, कमी केला, भाषा तमिळ केली, परत इंग्रजी केली. ‘जनरल’कडे फिरकलीसुद्धा नाही.

“छे हो बाबा,” ती म्हणाली. “मलाही नाही सापडत. फारच हट्टी टीव्ही आहे हा.”

मग तिनं मोबाईल काढला आणि एक्स्चेंजवाल्यांना फोन लावला. “नको, येऊ नका. ऑर्डर रद्द करा. हो हो, ऑफर चांगलीच आहे, पण आम्हाला जुना द्यायचा नाहीये.”

“अगं, पण मग हा बिघडलेलाच राहील,” काका चाचरत म्हणाले.

“राहू दे की. पुढच्या रविवारी परत येऊन बघते. लागतील चार-सहा रविवार, अवघड बिघाड दिसतोय.”

“तुला उगाच हेलपाटे.”

“असू देत. चहा ठेवा ना बाबा. मी उशिरा जाईन.”

काका चहा ठेवायला उठले. आत गेल्यावर त्यांनी बराच वेळ नळ सोडून ठेवला होता. अमृता माझ्यासमोर बसून धबधबा बघत राहिली, पोपट बघितला, कलिंगड बघितलं. मला इतकं लक्ष देऊन आजवर कोणी बघितलं नव्हतं.

ती आता येते. दर रविवारी येते असं मी खोटं सांगणार नाही. कधी ऑफिस असतं, कधी मुलीची परीक्षा असते, आणि मधले दिवस काकांना अजून लांबच जातात. पण आली की रिमोट घेऊन बसते, हटकून चुकीची बटणं दाबते आणि माझ्या नावानं खडे फोडते. मी ऐकून घेतो. चांगला टीव्ही म्हणवून घ्यायची मलाही हौस होती, नाही असं नाही. पण या घरी माझं काम बिघडलेलं राहणं हेच आहे, आणि ते मी मनापासून करतो.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत एखादं एकटं माणूस असेल. त्यांचा टीव्ही नाहीतर मोबाईल नाहीतर मिक्सर सारखा बिघडत असेल आणि तुम्हाला सारखे फोन येत असतील, तर वैतागू नका, आणि ऑफर कितीही झकास असली तरी लगेच नवा घेऊन देऊ नका. आधी त्यांच्याकडे जा. चपला काढून नीट बसा, चहा घ्या, ते काय सांगतात ते ऐका. बिघडलेल्या वस्तूचं नंतर बघता येईल. आम्हाला काही घाई नसते.